शंभराच्या आत

सोयाबीनची पोती मोजण्याच्या काट्यावर उकंडराव चढले, तेव्हा अडत्या गोविंदसिंगने आकडा नेहमीच्या खणखणीत आवाजात पुकारला.

"एकशे सहा!"

केनवडचा बाजार भरलेला होता. माल कोणाचा, हे पाहायला चार शेतकरी वळले आणि काट्यावर उकंडरावांना पाहून हळहळले.

वाशिमच्या डॉक्टरांनी सांगून ठेवले होते, "वजन शंभराच्या आत आणा, नाहीतर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन." उकंडरावांना ऑपरेशनची विलक्षण भीती होती. आणि भीती वाटली की त्यांना भूक लागे. त्यामुळे डॉक्टरांकडून परतल्यापासून हिरालालच्या हॉटेलातील आलूबोंड्यांचा खप वाढला होता.

शेवटी त्यांच्या पत्नीने, सोजरबाईंनी, शनिवारी भर गर्दीत मारुतीपुढे हात जोडले. "मारुतीराया, माह्या मालकाचं वजन शंभराच्या आत येऊ दे, त्यायच्या भारंभार बुंदी गावाले वाटीन!" नवस मनात बोलावा हे त्यांना ठाऊक होते, पण मनातले बोलणे त्या घंटानादात देवाला ऐकू जाईल, असा भरवसा त्यांना वाटेना.

देवाचे माहीत नाही, गावाने ऐकले.

दुसऱ्या दिवशी उकंडराव हॉटेलात शिरताच हिरालालने आलूबोंड्यांच्या परातीवर फडके टाकले.

"दोन गरम दे, हिरालाल."

"नाई जमत, भाऊ."

"काहून? संपले काय?"

"संपले नाई. पन गावाच्या बुंदीचा सवाल हाये. चाला, उठा."

तेव्हापासून उकंडराव ज्या दारात जात, तिथले ताट झाकले जाई. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या पत्रावळीवर काकडी तेवढी पडली. स्वतःच्या सख्ख्या बहिणीने त्यांना बिनसाखरेचा चहा पाजला आणि वर विचारले, "दादा, बुंदी साजूक तुपातली करसान ना?" माणसाचे काय होणार होते? उकंडराव उतरू लागले. दिवाळीच्या आधी गोविंदसिंगने काट्यावरून ललकारी दिली, "नव्याण्णव!"

गुडघे वाचले, असे उकंडरावांना वाटले. सोजरबाईंनी येत्या शनिवारी मारुतीपुढे त्यांची बुंदीने तुला करण्याचे जाहीर केले. मात्र गोविंदसिंग आकड्यांचा माणूस. त्याच दिवशी पारावर त्याने हिशेब मांडला. "नवस तं फिटल्यासारखाच हाये. आता यापुढं हा मानूस जेवढा उतरन, तेवढी आपली बुंदी कमी. त्याले असाच उतरू द्याचा काय?"

गावाला ते पटले. संध्याकाळी हिरालाल स्वतः ताटभर आलूबोंडे घेऊन उकंडरावांच्या ओसरीवर हजर झाला.

"अरे, तूच तं मले हाकलत होता ना बे!"

"तवा तुमी एकशे सहा होते, भाऊ. आता वाळून राह्यले. पाह्यवत नाई."

उकंडरावांनी नकार दिला. तो नकार पहिला आलूबोंडा थंड होईपर्यंत तरी टिकायला हवा होता. पण आलूबोंडा थंड व्हायला वेळ लागतो. मागोमाग शेजारच्यांची खीर आली, बहिणीकडून पुरणपोळी आली. शुक्रवारी काट्याने एकशे एक दाखवले.

गोविंदसिंगने आकडा पुकारला नाही. तो खाली बसला.

मग धावपळ उडाली. सोजरबाईंनी चुलीवर पाण्याखेरीज काही ठेवले नाही, आणि हिरालाल दारात राखणीला बसला. शनिवारी सकाळी उकंडरावांची टोपी, चपला, चांदीचा करगोटा आणि बंडी उतरवण्यात आली. तरीही गोविंदसिंगच्या मनाची खात्री होईना. त्याने न्हाव्याला बोलावले.

"मिशीचं काय वजन भरते बापा?" उकंडराव कळवळले.

"तोळाभर तं भरन. आन आज तोळ्याचाच खेळ हाये."

बिनमिशीचे उकंडराव धोतर सावरत मारुतीच्या पटांगणातल्या मोठ्या तराजूच्या पारड्यात बसले. दुसऱ्या पारड्यात वीस-वीस किलोची पाच मापे ठेवली गेली. दांडी डुलली, थांबली, आणि उकंडरावांचे पारडे बोटभर वर राहिले. गावाने जयजयकार केला. मापे उतरवून त्यांच्या जागी तुपाने ओथंबलेली बुंदी पडू लागली.

कालपासून उपाशी असलेल्या उकंडरावांच्या हाताशीच बुंदीचे घमेले होते. त्यांनी नकळत मूठ भरली.

"अवो, खाऊ नोका!" सोजरबाई किंचाळल्या. "शंभरावर जासान! नवस मोडते!"

मूठ ओठांपाशी थबकली. उकंडरावांनी पाहिले, की सारे गाव श्वास रोखून त्यांच्या मुठीकडे पाहत आहे. इतके दिवस गाव म्हणेल तेव्हा ते उपाशी राहिले होते आणि गाव म्हणेल तेव्हा जेवले होते. त्यांच्या गुडघ्यांविषयी एकाने विचारले नव्हते.

"बुंदी पाह्यजे ना तुमाले?" ते म्हणाले. "मंग मारुतीसमोर शपथ घ्या. आजपासून मले कोनी तळलेलं, गोड काई देनार नाई. मी मांगतलं तरी नाई. रडलो तरी नाई."

"घेतो, भाऊ!" हिरालालने सर्वांत आधी हात वर केला. "पयले ते मूठ खाली करा!"

गावाने एका आवाजात शपथ घेतली. उकंडरावांनी मूठ घमेल्यात रिती केली, आणि तुला पुरी झाल्यावर, एवढे निश्चयी आपण जन्मात कधी झालो नव्हतो, या समाधानात ते घरी जाऊन झोपले.

सकाळी ते हॉटेलात आले तेव्हा पहिला घाणा नुकताच निघाला होता.

"एकच दे, हिरालाल. लहानसा."

"शपथ हाये, भाऊ."

"अरे, कोनी पाह्यत नाई."

"मारुती पाह्यते."

उकंडरावांनी मिशीवरून हात फिरवायला नेला. तिथे मिशी नव्हती. ते बाकावर टेकले.

"एवढं सारं गाव होतं तिथं," ते काकुळतीने म्हणाले. "मी असं काई बोलून राह्यलो, तं एकानं तरी मले आडवाचं होतं ना बे?"

"कसं आडवनार, भाऊ?" कढईतला आलूबोंडा उलटत हिरालाल म्हणाला. "आमच्या तोंडाले पानी सुटलं होतं."