बॅकअप आत, अण्णा बाहेर

"माझ्या बॅकअपवर शंका? साहेब, आत्ताच्या आत्ता सर्व्हर कोरा करतो आणि जेवणाच्या सुट्टीआधी सगळं जसंच्या तसं उभं करून दाखवतो. नाही केलं तर नाव बदलीन!"

कंपनीचा सर्व्हर सांभाळणारे अण्णा गरजले, कारण गोष्ट खुर्चीवर आली होती. नवे साहेब बॅकअपचं काम बाहेरच्यांना देऊन अण्णांना स्टोअरमध्ये धाडणार होते. खिळे आणि स्क्रू सांभाळायला!

"रोज घेता?"

"रोज! एक वेळ चहा चुकेल, बॅकअप चुकायचा नाही!"

"ठीक. मी आत उभा राहून बघतो."

साहेब सर्व्हरच्या खोलीत शिरले. काचेचं दार बंद झालं. अण्णांनी बाहेर आपल्या टेबलावरून सगळ्या सेटिंग्ज पुसल्या. झाडून सगळ्या! मग शीळ घालत बॅकअपची डिस्क आणायला उठले. डिस्क होती सर्व्हरच्याच खोलीत, कपाटात. दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लालच! तेव्हा कुठे अण्णांच्या डोक्यात उजेड पडला. कोणाच्या कार्डानं दार उघडायचं, हेही सर्व्हरच ठरवत होता.

आतून साहेबांनी कार्ड लावलं. लाल.

"अण्णा, हे काय?"

"घाबरू नका, मी आहे ना!"

"तुम्ही बाहेर आहात हो!"

"म्हणून तर तुम्ही करायचं! कपाटातली काळी डिस्क घ्या. लावा. अहो उलटी, उलटी! आता हिरवं बटण. दाबा की, चावत नाही ते!"

खोलीतल्या एसीच्या गारठ्यातही साहेबांना घाम फुटला. पण दिवे लुकलुकले, सर्व्हर उभा राहिला. एव्हाना काचेपाशी सगळं ऑफिस जमलं होतं.

"बघितलंत? जसंच्या तसं!" अण्णांनी मान ताठ केली.

साहेबांनी ऐटीत कार्ड लावलं. लाल.

"अण्णा, हा बॅकअप कधीचा?"

अण्णांनी घसा खाकरला. "तुम्ही रुजू व्हायच्या जरा आधीचा. पण काय हो, आला की नाही जसाच्या तसा? आता हे कार्ड लावतो, पण आधी सांगा, मी स्टोअरमध्ये जायचं की..."

तेवढ्यात रिसेप्शनच्या ताईंनी आपलं कार्ड लावून दार उघडलं.

हल्ली अण्णा स्टोअरमध्ये असतात. मान अजून ताठच! "कार्डबिर्ड काही नको," म्हणून त्यांनी दाराला साधं कुलूप मागून घेतलं. किल्ल्या दोन, एक बॅकअप. दोन्ही त्यांच्याच खिशात असतात, एकाच जुडग्यात.