हकिकत सुभानरावांनी पिकअपचा हौदा सोडविल्याची

श्रीगजवदन प्रसन्न. ज्या लोखंडास तेल पोहोचते आणि ज्यास पोहोचत नाही, त्या सर्वांचे कल्याण असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, चैत्र वद्यपक्षी, नदीकाठच्या एका राज्यात ऐसे वर्तमान घडले की, राजश्री हैबतराव विटांची वाहतूक करीत, त्यांचे पिकअपच्या हौद्याचा पत्रा कुजून चाळण जाहला, आणि तो काढून नवा बसवावा म्हणून गाडी सरदार सुभानराव मिस्त्री यांचे गाडीदुरुस्तीच्या छपरी दाखल जाहली. सुभानरावांचा एके काळी मोठा दरारा. त्यांनी आवळलेला स्क्रू आपसूक सुटला ऐसे कोणी ऐकिले नाही. परंतु गतवर्षी अंगावरून वारे गेले, उजवा हात लुळा पडला, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या वाटेने जाऊ लागले. आता हात थोडका फिरला होता आणि हे पहिलेच काम. हे साधले तर छप्पर राहील, नाही तर टाळे, हे सरदार जाणून होते, आणि त्यांचे कुटुंब सगुणाबाई त्याही जाणून होत्या. मग मोर्चे लागले. पण पत्रा धरून बसलेले स्क्रू म्हणजे जुने किल्लेदार, गंजाची चिलखते ल्यालेले, कौल मानीनात. पेचकस घसरे, खाच झिजे, आणि एकाचे तर शिर तुटले तरी धड जागा सोडीना. त्यात दैवाची थट्टा पाहा, हे स्क्रू बसविले कोणी? तर सुभानरावांनीच, भर ज्वानीत. आम्हां लिहिणारांचे बरे, कालचे लिहिले खोडता येते. हैबतराव घड्याळ पाहून बोलिले, "सुभानबा, राग नका मानू. गॅसवाला बोलावतो, तासात कापून मोकळा करेल." "कापाल तर खालचं आडवं लोखंड वाकेल," सुभानराव म्हणाले, "तेल पाजलंय. उन्हं उतरेस्तोवर थांबा." हैबतराव बरे म्हणाले, पण तोंडावरून बरे दिसले नाही.

मग तेल मुरेपर्यंत सरदार हौद्यातच कडुलिंबाच्या सावलीत आडवे जाहले आणि डोळा लागला. आणि पाहतात तो हौदा वाढत वाढत तांबडे माळरान जाहला, वारा नाही, पाखरू नाही, गंजाचा धुरळा संथ तरंगतो आहे, आणि जागोजागी स्क्रू मंडळी मांडी घालून बसली आहेत. मध्ये एक दांडगा तरुण, मनगट जाड, मिशी कोवळी. हा आपणच, हे सरदारांनी ओळखिले, आणि त्याजला पाहून त्यांचा जीव भरून आला. "ह्यांना उठव की रे," सरदार म्हणाले. तरुण म्हणाला, "कसं उठवू? जन्मात हलू नका, असा हुकूम तुमचाच. ते इमानानं बसलेत, आणि तुम्ही आल्या आल्या ओढायला लागलात." मग सरदार एका स्क्रूपाशी टेकले, त्याचे डोक्यावर हात ठेविला आणि म्हणाले, "बसा बाबा, नीट बसा." तसा तो हलकेच डुलला, आणि सरदारांस जाग आली.

उठताच त्यांनी पेचकस घेतला आणि सोडविण्याचे दिशेस न फिरविता आधी आवळण्याचे दिशेस अंमळ दाबिला. ही युक्ती त्यांस ठाऊक नव्हती ऐसे नाही. हात गेल्याच्या धास्तीने विसरले होते. स्क्रू करकरला, गंज फुटला, आणि मग उलट फिरविता मुकाट बाहेर आला. आणि त्यामागे दुसरा, आणि मग बाकीचेही. राहिले ते बिनशिराचे धड. त्यात भोक पाडून उलट्या आट्यांचे हत्यार घालावे आणि पिळून बाहेर ओढावे, तर ड्रिल धरिता हात कापे. सगुणाबाई पुढे आल्या आणि कोपराखाली आपला तळवा धरिला. हैबतरावांदेखत सरदारांस लाज वाटली, फार वाटली, परंतु नको म्हणाले नाहीत. भोक मधोमध पडले, आणि धडही निघाले. मग नवा पत्रा बसला, आणि प्रत्येक नव्या स्क्रूस ग्रीस लावून सरदारांनी हात थकला तेथे आवळणे थांबविले. हैबतराव म्हणाले, "अजून एक पीळ द्या की. जन्मात हलायला नको." "पुरे," सरदार म्हणाले, "पुढं ज्याला सोडवायचेत, त्याचाही हात माझ्यासारखा असेल."

येणेप्रमाणे हौदा सुटला, गॅस आला नाही, छप्पर राहिले. त्या सांजेस सगुणाबाई नित्याप्रमाणे सरदारांची भाकर मोडून देऊ लागल्या, तो सरदारांनी उजवा हात पुढे केला आणि म्हणाले, "राहू दे. मी मोडतो." वेळ बहुत लागला, तुकडे वेडेवाकडे जाहले, कालवण निवून गेले, आणि बाई आपला घास हातात धरून थांबून राहिल्या. इतके वर्तमान.