अण्णांचा चमचा आणि गव्हाची बिअर

आमच्या शेजारचे सोपानअण्णा शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्टीलचा चमचा बाळगतात. पेन कधीकधी विसरतात, चमचा नाही. समोर काहीही खाण्यापिण्याचं आलं, की चमचा काढायचा, रुमालाने पुसायचा, एकच चमचा तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. तोवर घरातल्या बाईने जीव मुठीत धरून उभं राहायचं. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी बासुंदीवर डोळे जरा जास्तच वेळ मिटले, तर आचारी मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला.

ही खोड फौजेतली. अण्णा मूळचे वडूजकडचे. चोवीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी लंगरवर, म्हणजे जवानांच्या भटारखान्यावर. जेवण ताटात जाण्याआधी चाखायचं आणि रजिस्टरमध्ये शेरा मारायचा, हे हवालदारसाहेबांचं काम. निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधलं आणि पहिल्याच आठवड्यात बाजारातून लांबडं रजिस्टर आणलं. त्यात शेरे दोनच, 'ठीक' आणि 'सुधारणा हवी'. 'उत्तम' असाही एक शेरा असतो म्हणे, पण तो अण्णांनी आजवर कुणालाच दिलेला नव्हता.

"उत्तम लिवलं की मानूस ढिलं पडतंय, मास्तर," ते मला सांगतात. मी जन्मभर पोरांना सढळ हाताने गुण वाटत आलेला मास्तर, त्यामुळे मला हे काही पटत नाही. अण्णांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, तर मुळीच नाही. त्यांची पुरणपोळी चाळीस वर्षं 'ठीक'वर अडकली आहे.

"मी मेल्यावर तरी उत्तम लिवा," काकू म्हणतात.

"तवा चाखायला पोळी कुटनं आनू?" अण्णा विचारतात.

त्यांचा एकुलता एक मुलगा अजित अमेरिकेत असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने बॅगेतून बिअरचे सहा डबे काढले. "अण्णा, ही गव्हाची. एकदम हलकी असते." अण्णांनी फौजेत कधी घोट घेतला नव्हता. वाट्याची रम दुसऱ्याला देऊन ते त्याचं दूध प्यायचे. पण गव्हाची म्हटल्यावर चमचा आपोआप वर आला. खपलीचा दाणा दाताखाली धरून तो कुठल्या रानातला ते सांगणारा माणूस, गव्हाला नाही कसं म्हणणार?

साक्षीला मला बोलावलं. अजितने डबा उघडून पेल्यात ओतला. वाळलेल्या कडब्यासारखा फिका रंग, जरासा गढूळ आणि वर चार बोटं फेस. अण्णांनी तो फेस चमच्याने काढून वाटीत टाकायला सुरुवात केली, गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात तसा. पुन्हा फेस आला, पुन्हा काढला.

"अण्णा, फेस ठेवायचा असतो."

"मळी कोन ठेवतं रं?"

दहा मिनिटांनी बिअर निपचित पडली. मग अण्णांनी डोळे मिटले. "पयलं लिंबाच्या सालीगत लागतंय. मग जरा धनं. मग ताज्या पावाचा वास. आन त्याच्या फुडं काय न्हाई. कडू म्हनावं तर कडू न्हाई, ग्वाड म्हनावं तर ग्वाड न्हाई. सभ्य मानसागत हाय. आलं, बसलं, गेलं."

काकूंनी लांबूनच वास घेतला. "कुरडयांचा गहू भिजत घातल्यावर तिसऱ्या दिवशी निघतंय त्ये पानी हाय ह्ये. आमी मोरीत वततो. त्ये तू इमानातनं आनलंस व्हय?"

अजित पोट धरून हसला. अण्णाही हसले आणि 'ठीक' लिहून मोकळे झाले. बापलेकांना एकत्र हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो. एरवी दर रविवारी सकाळी अजितचा फोन यायचा, तेव्हा यांचं बोलणं ठरलेलं. जेवलास का? जेवलो. थंडी हाय का? आहे. आईला देतो. अर्ध्या मिनिटात फोन काकूंच्या हातात.

दिवाळीनंतर मात्र चमत्कार झाला. पहिल्याच रविवारी अजितने विचारलं, "दुसरा डबा उघडला का?" आणि अण्णा बोलायला लागले. आमच्या गॅलरीत सगळं ऐकू यायचं. लिंबापासून सुरू झालेली गाडी गव्हावर, गव्हावरून वडूजच्या रानावर आणि तिथून अजितच्या साहेबापर्यंत जायची. नाताळ गेला, संक्रांत गेली, होळी आली, तरी अण्णा आपले "आज जरा संत्र्याचा वास मारतोय" म्हणतच होते. सहा डबे पुरतात तरी किती? एका रविवारी मी माझा घोटभर वाटा मागायला गेलो.

अण्णा अंघोळीला गेले होते. स्टुलावर रजिस्टर उघडं होतं आणि मी ते वाचलं. वाचायला नको होतं. वर लिहिलं होतं, 'गव्हाची बिअर. डबा पहिला. ठीक.' त्याखाली, 'बिअर. उघडली नाही. अजित अठरा मिनिटं बोलला. उत्तम.' त्याखाली, 'बिअर. उघडली नाही. बावीस मिनिटं. गुडघ्याचं विचारलं. उत्तम.' पुढचे सगळे रविवार तसेच.

मान वर केली तर अण्णा दारात उभे. रागावले नाहीत.

"आवं, पाच डबं म्हंजी पाच रविवार," ते हळू आवाजात म्हणाले. "संपल्यावर त्यानं काय इचारायचं? मी काय सांगायचं?"

तेवढ्यात फोन वाजला. अण्णांनी तो स्पीकरवर टाकला. "आज मास्तर आल्यात. त्यास्नी इचार कशी लागतीया." आणि तांब्यातलं पाणी चमच्यात घेऊन माझ्यापुढे धरलं. तो चमचा त्यांनी आजवर कुणाच्या हातातसुद्धा दिला नव्हता.

मी पाणी तोंडात घेतलं आणि त्यांच्यासारखेच डोळे मिटले. "लिंबाची साल आहे," मी म्हणालो. "धने आहेत. आणि शेवटी, अजित, भाजलेल्या गव्हाच्या ओंब्यांची चव येते बघ."

"ओंब्या!" अजित म्हणाला. "अण्णा, तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हा रानात भाजून द्यायचात, आठवतं?"

अण्णा खुर्चीत बसले. त्यानंतर बापलेकच बोलत राहिले, मला कुणी काही विचारलं नाही.

फोन झाल्यावर त्यांनी चमचा धुतला, पुसला, खिशात ठेवला. रजिस्टर ओढून मिनिटं लिहिली, 'उत्तम' लिहिलं. मग जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'मास्तर. ठीक.'

"नुसतं ठीक?" मी विचारलं.

"उत्तम लिवलं तर ढिलं पडाल," अण्णा म्हणाले. "फुडल्या रविवारी बी यायचंय तुमाला."