सूर्य व अणू यांच्या तहाची हकीकत, मुक्काम इंदूर

श्रीमार्तंडाचे पायी मस्तक ठेवोन, आणि अणू जो डोळ्यांस दिसत नाही त्यासही दुरून मुजरा करोन, ही हकीकत लिहिण्यास घेतली. शके अठराशे ऐंशी, विलंबी नाम संवत्सर, माघमास. होळकरशाही जाऊन मध्यभारत जाहला, मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश जाहला, राजधानी भोपाळास गेली, तरी इंदूरकरांची मिजास इंदुरासच राहिली. संवत्सराचे नांवच विलंबी, सबब जे घडले ते विलंबाने घडले. त्याचा दोष कोणी कोणावर ठेवू नये.

लालबागेच्या अलीकडे एक गल्ली. तेथे राजश्री प्रतापराव खडके यांचे बिऱ्हाड. आजे होळकरांचे फौजेत शिलेदार, वडील पागेवर कारकून, आणि खासे प्रतापराव संस्थानी पलटणीतून जमादार होवोन निघाले, ते सांप्रत एका कापडगिरणीच्या बॉयलरखान्यावर देखरेखीस होते. मिशा भरघोस, आवाज तोफेचा, वाफेवर निष्ठा अढळ. समोरच्या घरी त्यांचे मेहुणे अच्युतराव जगदाळे, शाळेत विज्ञानाचे मास्तर. अंगाने किरकोळ, पण वादात मातबर. या उभयतांची दोस्ती ऐसी की एका पुड्यातली शेव दोघांनी खावी आणि शेवटच्या चिमटीसाठी एकमेकांस आग्रह करावा. आणि दोघांचे मध्ये मंगलाबाई. एकाची राणी, दुसऱ्याची धाकटी बहीण.

या मंगलाबाईंस खोकल्याने घेरिले. दोन हिवाळे काढे जाहले, चाटणे जाहली, गनीम काही हटेना. मग गयाबाईंस पाचारण केले. गयाबाई महूच्या पलटणीतील हवालदारांची लेक, सरकारी दवाखान्यात नर्स, दोन घरे टाकोन राहत. गल्लीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी मंगलाबाईंची छाती तपासली, स्वयंपाकघरात डोकावोन कोळशाची सिगडी पाहिली, काळी भिंत पाहिली, आणि बाहेर येवोन हुकूम फर्माविला, "दवाई बदलून काही फायदा नाही, जमादार. हा धूर बंद करा. नाहीतर पुढच्या थंडीत हिला माझ्या वॉर्डात भरती करावी लागेल."

हे ऐकोन प्रतापरावांचे तोंडचे पाणी पळाले. आणि त्याच सायंकाळी दोघांनी धुरावर मोहीम काढण्याची शपथ घेतली. येथवर मसलत एकच होती. पण फौज कोणाची न्यावी, या मुद्द्यावर फाटाफूट जाहली.

अच्युतरावांचे म्हणणे, सूर्यनारायणासारखा सरदार दारी उभा असता कोळशाची चाकरी कशास? तो पगार मागत नाही, राख टाकीत नाही. प्रतापराव म्हणाले, तुमचा सरदार सायंकाळी रजेवर जातो, आणि आमच्या घरी पोळ्या दिवेलागणीनंतर होतात. मुंबईकडे अणूची भट्टी पेटल्याची बातमी त्यांनी वर्तमानपत्री वाचिली होती, आणि अणूच्या उष्णतेनेही अखेर पाणीच तापवावयाचे आणि वाफच काढावयाची, हे कळल्यापासोन तर तो त्यांस घरचाच वाटू लागला होता. कोळशावाचोन वाफ! बॉयलरखान्यात जन्म गेलेल्या पुरुषास याहून मोठा साक्षात्कार तो कोणता?

मग दोन्हीकडे सरंजाम सिद्ध होवो लागला. अच्युतरावांनी लग्नातली पितळी परात काढिली, खजरान्याच्या गणपतीपुढील दुकानांतून हाती मावतील ऐसे आरसे आणोन तिचे पोटी खळीने चिकटविले, आणि ती परात मोडक्या सायकलीच्या चिमट्यावर ऐसी बसविली की सूर्य जिकडे जाईल तिकडे तिचे तोंड वळावे. इकडे प्रतापरावांनी जुन्या तांब्याच्या बंबाचे खालचे अंग कापोन त्याची भट्टी केली, आत स्पिरिटचा दिवा ठेविला, वारा लागू नये म्हणोन भोवती पत्र्याचे घुमटदार कडे बसविले, आणि अस्सल अणू इंदुरांत मिळत नसल्याकारणे वर पाटी लाविली, "येथे अणू आहे असे समजावे." अच्युतराव म्हणाले की आपल्या अणूस स्पिरिटची घाण येते. प्रतापराव उत्तरले की नमुना तो नमुना, खरी भट्टी सरकार बांधीत आहे, आम्ही फक्त वाट दाखवितो.

इतके होईतो थट्टाच होती. पुढे पौषात एके दिवशी प्रतापरावांनी पलटणीचा बनाती कोट ऊन देण्यास दोरीवर घातिला. समोरच्या अंगणी अच्युतरावांची परात उघडीच राहिली होती. सूर्य सरकला, आरशांचा झोत सरकला, तो नेमका कोटावर स्थिरावला, आणि बिल्ल्याच्या खाली रुपयाएवढे भोक पडोन धूर निघाला. प्रतापराव कोट हाती घेवोन गल्लीत उभे राहिले आणि गर्जले, "एवढी नोकरी झाली, गोळीनं भोक पडलं नाही या कोटाला! ते माझ्या मेहुण्यानं पाडलं!"

येथे अच्युतरावांनी क्षमा मागावी, तर विषय तेथेच मिटता. पण मास्तरांचा स्वभाव. ते कोटाचे भोक निरखोन आनंदाने म्हणाले, "दाजी, बघा तरी! यावरून सूर्याची ताकद सिद्ध झाली."

त्या दिवसापासोन अबोला पडला. पुढे प्रतापरावांनी अणूची चाचणी घेतली, तो वाफ कोंडोन वरचे भांडे उडाले, पत्र्याचे कडेही उडाले, आणि थेट अच्युतरावांच्या अंगणी वाळत्या पापडांवर पडले. अच्युतरावांनी ते जप्त केले, आणि प्रतापरावांनी इभ्रतीखातर मागितले नाही. शेव दोन पुड्यांत येवो लागली. संक्रांतीस भाऊ बहिणीच्या दारी तिळगुळास आला नाही, आणि मंगलाबाईंनी ताटातला लाडू कोणास न देता तसाच डब्यात ठेविला. धूर मात्र जैसा होता तैसाच. धुराचे पारिपत्य करण्यास निघालेले दोन सरदार एकमेकांचे पारिपत्य करीत बसले, आणि ज्या बाईसाठी मोहीम काढिली ती बाई सिगडीपुढे बसोन खोकत राहिली.

एके सकाळी मंगलाबाईंनी चहाचा कप प्रतापरावांपुढे ठेविला आणि दार उघडोन समोरच्या घरासही ऐकू जाईल ऐशा आवाजात फर्मान काढिले. रथसप्तमीस आपल्या अंगणी हळदीकुंकू आहे, गल्लीतल्या साऱ्या बायका येतील. सूर्याचे दूध दरसाल गोवऱ्यांवर उतू जाते, ते यंदा धुरावाचोन उतू जावे. ज्याच्या यंत्रावर जाईल त्याचे यंत्र सिगडीच्या जागी बसेल. पंच गयाबाई. "आणि दोघांचंही नाही गेलं," त्या म्हणाल्या, "तर दोन्ही धूड भंगारवाल्याला देईन, आणि तुम्हा दोघांशी मी बोलणार नाही. मला आता बोलायलाही दम लागतो, कळलं?" यावर खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ टिकली, आणि दोन्ही घरांस ऐकू गेली.

रथसप्तमी उजाडली. अंगणी रांगोळीने रथ काढिला, पाट मांडिले, बायका पैठणी-चंदेऱ्या नेसोन दाखल जाहल्या. पूर्वेच्या अंगास अच्युतरावांची परात, पश्चिमेस प्रतापरावांची भट्टी, मध्ये खुर्चीवर गयाबाई. दोन्ही सरदारांनी एकमेकांकडे न पाहता आपापली पातेली मांडिली. सूर्य कोवळा होता तो हळूहळू तापला, आणि अच्युतरावांच्या काळ्या पातेल्यातल्या दुधावर वाफ दिसो लागली, मग साय धरली, मग कडेस बारीक बुडबुडे आले. बायका पुढे सरकल्या. अच्युतरावांच्या चेहऱ्यावर ऐसे तेज चढले की आरसे फिके पडावे.

इतकियात माळव्याचा मावठा, म्हणजे हिवाळ्यातले अवकाळी आभाळ, आडवा आला. क्षिप्रेकडून ढगांची फौज उठली, आणि सूर्यनारायण ऐन रणातून अंतर्धान पावले. अच्युतरावांनी परात डावीकडे फिरविली, उजवीकडे फिरविली, आभाळाकडे पाहोन हात जोडिले. ढग हलेना.

"आता अणूचा पराक्रम पाहा," ऐसे प्रतापराव कोणासही न उद्देशिता म्हणाले, आणि स्पिरिटची बाटली उचलली, तो ती हलकी लागली. रात्री बूच सैल राहिले होते. स्पिरिट हवेत उडोन गेले होते आणि तळाशी चार घोट उरले होते. त्यांनी तेवढे दिव्यात ओतोन काडी लाविली. पातेल्यातले दूध माघातल्या थंडीने गारठलेले, भोवती कडे नसल्याने वारा ज्योतीस लोळवीत होता. दूध कोमटही होईना.

कुंपणावरोन एक वाटसरू डोकावला आणि विचारता जाहला, "क्यों भिया, दूध आज उबलेगा कि कल?" बायकांत हसू फुटले. दोन्ही सरदार माना खाली घालोन उभे राहिले. तो क्षण मोठा कठीण होता. यंत्रांची अब्रू जात होती ती जातच होती, पण मंगलाबाई पदर तोंडाशी धरोन मुकाट उभ्या होत्या, आणि तिकडे पाहण्याचे धैर्य दोघांस होईना.

मग मंगलाबाईच पुढे जाहल्या. एका पातेल्यात बोट बुडविले, दुसऱ्यावर हात धरिला, आणि म्हणाल्या, "दादा, तुझं दूध तापलंय, पण आग गेली. अहो, तुमच्याकडे आग आहे, पण दूध थंड. मग माझ्या तोंडाकडे काय बघता? इकडचं तिकडे ठेवा!"

कोणी हलेना. इभ्रत दोघांच्याही पायांस धरोन बसली होती. तेव्हा बाईंनी स्वतः वाकोन, पदराने, ते चटका देणारे पातेले धरिले.

"अगं, भाजेल!" दोघे एकदमच ओरडले आणि दोहीकडोन धावले. पौषानंतर दोघे प्रथमच एकत्र बोलिले, आणि तोही दोघांचा बोल एकच.

"दाजी, डावीकडून धरा."

"धरलंय. तू पायाखाली बघ."

ऐसे म्हणत उभयतांनी ते सूर्याचे दूध अणूवर चढविले. ज्योत वाऱ्याने विझू पाहत होती. अच्युतराव क्षणभर थबकले, मग धोतर सावरीत घराकडे पळाले आणि जप्त केलेले पत्र्याचे कडे घेवोन आले. ते स्वतःच्या हाताने भट्टीभोवती बसवीत खालमानेने बोलिले, "कोटाचं चुकलं, दाजी. मी आधी तेच म्हणायला पाहिजे होतं."

प्रतापरावांनी मिशीवरोन हात फिरविला. मग ते म्हणाले, "कडं घट्ट बसव. वारा शिरतोय."

आणि ज्योत सरळ उभी राहिली. दूध थरथरले, साय फुगली, पातेल्याच्या काठाशी आली, क्षणभर तेथे घुटमळली, आणि मग ऐसे उसळले की चोहोबाजूंनी उतू जावोन खाली वाहिले आणि अणू विझवोन टाकिला. बायकांनी टाळ्या पिटल्या. गयाबाईंनी उठोन भट्टीत पाहिले, आभाळाकडे पाहिले, आणि निवाडा दिला, "उतू गेलं. धूर नाही. बस. कुणाचं गेलं ते मला विचारू नका."

मग तेथेच, उरलेल्या दुधाचा घोट घेत, तह ठरला. कलमे येणेप्रमाणे की उन्हाचा अंमल सूर्याकडे. ढगाचा आणि रात्रीचा अंमल अणूकडे. दोघांनी एकमेकांचे मुलखात लुडबूड करू नये, आणि एकाचे बळ सरले की दुसऱ्याने कुमक करावी. "मग कोळशाची पाळी कधी?" ऐसे प्रतापरावांनी पुसिले. "पाळीच नाही," अच्युतराव म्हणाले, "त्याला बडतर्फ करू." यावर बंदा पुडा फोडोन दोघांनी शेव खाल्ली.

परंतु बखरकाराने खरे तेच लिहावे. सायंकाळ जाहली. सूर्य मावळला. स्पिरिट संपले होते, आणि खरा अणू अजून फार दूर, सरकारी कागदांवर होता. पोळ्या तर व्हावयाच्याच होत्या. मंगलाबाई सवयीने उठोन सिगडीकडे गेल्या, तो सिगडी जागेवर नाही. ती अंगणाच्या दूरच्या कोपऱ्यात होती. प्रतापराव उकिडवे बसोन पंख्याने कोळसे फुलवीत होते, अच्युतराव कणकेशी झुंज घेत होते, आणि धूर दोघांच्या नाकातोंडात जावोन उभयतांच्या डोळ्यांतोन गंगायमुना वाहत होत्या.

"अहो, हे काय?" बाईंनी विचारिले.

"तू तिथंच बस!" प्रतापराव खोकत म्हणाले. "इकडे यायचं नाही. अणू येईपर्यंत रात्रीची पाळी आमची."

मंगलाबाई ओट्यावर गयाबाईंच्या शेजारी बसल्या. पहिली पोळी निघाली, तिचा आकार माळव्याच्या नकाशासारखा होता आणि एक अंग करपले होते. ती बाईंनी तूप लावोन, सावकाश, एकही ठसका न लागता संपविली, आणि दुसरी मागितली. येणेप्रमाणे माघ शुद्ध सप्तमीस मोहीम फत्ते जाहली, हे दप्तरी दाखल करावे.