सगळीच डावखुरी

भिंगावरून डोळा काढून कुरामोचीने कपाळाला हात लावला. पुन्हा निम्मं-निम्मं!

"काय रे, आज तरी जमलं का?" इसोगाई सेन्सेई, म्हणजे त्याचे प्रोफेसर, दारातूनच ओरडले.

"नाही, सेन्सेई. निम्मी डावी, निम्मी उजवी."

"मग तुझ्या हातालाच काहीतरी झालंय. माझ्याकडून पहिल्या फटक्यात झालं होतं!"

दुखणं तेच होतं. त्या प्रयोगशाळेत जे द्रवस्फटिक बनत, त्यांचे रेणू केळ्यासारखे वाकडे. एकटं केळं ना डावं ना उजवं. पण दोन काचांमध्ये थराने बसवलं की सगळी एकाच दिशेला पाठी करतात, वर कलंडतात, आणि तो थर डावखुरा तरी होतो नाहीतर उजवा. कोणी काय व्हायचं हे कुणीच ठरवत नाही, त्यामुळे दोन्ही सारखेच निघतात. जगात सगळीकडे असंच. फक्त या जानेवारीत सेन्सेईंनी स्वतः भरलेल्या काचेत झाडून सगळे थर डावे निघाले, आणि तेव्हापासून म्हाताऱ्याचे पाय जमिनीवर नव्हते.

"एवढं पुन्हा करून दाखव," ते म्हणाले होते, "तुझी जागा पक्की करायचं माझ्याकडे लागलं."

कुरामोचीची नेमणूक मार्चअखेर संपत होती. घरी बायको, नाओए, रोज विचारायची, "झाली का हो तुमची केळी डावी?" आणि तो भात चिवडायचा. त्यात सेन्सेईंनी आपल्या जुन्या वर्गमित्राला, कितामी शहरातल्या तोगाशी सेन्सेईंना, खास बघायला बोलावून ठेवलेलं. ते उद्या यायचे होते.

खोक्यातल्या नव्या काचा संपल्या, म्हणून कुरामोचीने सेन्सेईंच्या फळीवरच्या दोन उचलल्या. भरल्या, तापवल्या, हळूहळू निववल्या. भिंगात पाहिलं तर सगळी डावी! तो उडी मारणार, एवढ्यात त्याच्या नाकाला वास आला. मिकानचा, म्हणजे घरोघरी हिवाळ्यात खातात त्या संत्र्यांचा. त्याने फळी हुंगली. तिलाही तोच वास.

आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर्षअखेरीची मोठी साफसफाई! त्या दिवशी प्रोफेसरापासून शिपायापर्यंत सगळे फडकं घेतात. डोक्याला टॉवेल बांधून सेन्सेई आपली फळी आणि वरच्या काचा स्वतः घासत होते, मिकानच्या सालींच्या काढ्याने. "आमच्या आईची युक्ती! साबण झक मारतो!" असं वर सगळ्यांना सांगतही होते.

सेन्सेईंना तोंडावर 'तुमचं चुकलं' कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आडून सुरुवात केली.

"सेन्सेई, इथे मिकानचा वास येतो, नाही?"

"येतो ना! प्रसन्न वाटतं."

"काचांनाही येतो."

"मग? स्वच्छतेचा वास आहे तो!"

कुरामोचीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. तेवढ्यात तोगाशी सेन्सेई आले. कोट न काढताच ते भिंगाला डोळा लावून बसले आणि खो खो हसले.

"डावी? इसोगाई, तू शाळेपासून उलटाच! ती सगळी उजवी होतात." त्यांनी पिशवीतून स्वतःची काच काढली. "हे बघ. मीही हे तुला दाखवायलाच आलोय."

"तुझं भिंग उलटं असेल!"

"तुझं डोकं उलटं आहे!"

दोन पांढऱ्या केसांची माणसं डावी-उजवी करत एकमेकांच्या अंगावर जायला लागली. कुरामोचीचा संयम सुटला.

"तोगाशी सेन्सेई, वर्षअखेरीला तुम्ही काचा कशाने पुसता?"

"कशाने म्हणजे? पुदिन्याच्या तेलाने! आमचं कितामी पुदिन्याचंच गाव, दुसरं काय वापरणार?"

"आणि इसोगाई सेन्सेई मिकानच्या सालीने," कुरामोची म्हणाला. "दोन्ही तेलांचे रेणू जन्मतःच एकेका हाताचे. मिकानचं तेल डावीकडे ओढतं, पुदिन्याचं उजवीकडे. केळी बिचारी शेजाऱ्याचं बघून वागली. शोध कसला, सेन्सेई, ही तर साफसफाई!"

तोगाशी सेन्सेईंनी टेबलावरच्या चहाचा घोट घेतला. इसोगाई सेन्सेई खिडकीबाहेर बघत राहिले. मार्चमधल्या परिषदेसाठी दोघांनीही याच शोधावर भाषणं जाहीर करून ठेवलेली होती.

"मला मार्चमध्ये घसा धरेल असं वाटतंय," तोगाशी हळूच म्हणाले.

"मलाही," इसोगाई म्हणाले. मग दोघांनी एकदमच कुरामोचीकडे पाहिलं.

"हुशार आहे रे हा," तोगाशी म्हणाले. "तुला नको असेल तर मी नेतो. आजच."

"खबरदार! हा इथून हलायचा नाही. निवृत्तीपर्यंत!"

संध्याकाळी कुरामोचीने घरी येऊन बातमी दिली. नाओएने आनंदाने टाळ्या वाजवल्या.

"पक्की झाली? म्हणजे केळी डावी झाली तर!"

"नाही."

"मग तुम्हाला असं काय येतं म्हणून ठेवलं?"

कुरामोचीने बूट काढले, मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "गप्प बसता येतं म्हणून."