विमलाबाईंचा चोथा

"चैताली, चहा झकास झालाय गं," कोंडाजी गांगुर्डे कप खाली ठेवत म्हणाले, "पण ती चव नाही."

चैतालीने पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं. सासूबाईंना जाऊन महिना होत आला होता आणि इंदिरानगरच्या त्या फ्लॅटमध्ये रोज सकाळपासून हेच चाललं होतं. सासरे चहा मागायचे, एक घोट घ्यायचे, भिंतीवरच्या विमलाबाईंच्या फोटोकडे बघायचे, 'ती चव नाही' म्हणायचे आणि कप मात्र रिकामा करायचे. मग ती चव पुढच्या कपात असेल म्हणून पुढचा कप. चैताली शाळेत शिकवायची. स्वयंपाकघरात तिला सगळीकडे मुभा होती, पण चहाच्या पातेल्याला सासूबाईंनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. आता मे महिन्याची सुट्टी होती आणि पातेलं तिच्या हाती आलं होतं. आईंनी जन्मभर काटकसर केली, आता बाबांना तरी मनासारखा चहा मिळावा, अशा सद्भावनेने ती दर खेपेला चमचाभर पावडर वाढवत होती.

कोंडाजी ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाले त्याला सहा वर्षं झाली होती. रिटायर झाल्यावर लगेचच कॉलनीतल्या डॉक्टरांनी त्यांचं ब्लडप्रेशर बघून कपाळाला आठ्या घातल्या होत्या. "काका, दिवसाला बारा कप चहा? दोनवर या. हृदयाला झेपायचं नाही." कोंडाजी तणतणत घरी आले आणि बूटही न काढता बायकोला म्हणाले, "दोन कप म्हणे! मी काय आजारी माणूस आहे? बारा म्हणजे बारा!"

विमलाबाई एवढंच म्हणाल्या, "बरं."

आणि गंमत अशी, की काही महिन्यांत ब्लडप्रेशर आपोआप ताळ्यावर आलं. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, विहारातला कार्यक्रम असो, कोंडाजी चारचौघांत दंड थोपटायचे. "बारा कप पितो! आणि बीपी बघा माझं! डॉक्टरला काय कळतंय?"

त्यांचा दुसरा आवडता किस्सा बायकोच्या चिकटपणाचा होता. विमलाबाई चहाचा चोथा कधी टाकायच्या नाहीत. सकाळचा चोथा दुपारी, दुपारचा संध्याकाळी. कुणी हटकलंच, तर म्हणायच्या, "असू दे, अजून दम आहे त्यात." पाहुण्यांसमोर कोंडाजी हमखास सांगायचे, "आमच्या घरी मी रिटायर झालो, पण चहाची पावडर नाही झाली. ती एक्स्टेन्शनवर आहे!" सगळे खो खो हसायचे. पाण्याचे पेले घेऊन आलेल्या विमलाबाईही हसायच्या.

आता हसायला त्या नव्हत्या, आणि कोंडाजींचं काळीज धडधडायला लागलं होतं. नुसतं बसल्या जागी धडधड. हात थरथरायचे. झोप तर पार उडाली होती. त्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ. येणारा हळहळायचा, त्याच्यासाठी चहा यायचा, आणि त्याला एकट्याला कसं प्यायला लावायचं म्हणून कोंडाजीही कप उचलायचे.

मुलगा नवनाथ घाबरला आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर तेच होते.

"काका, चहा किती?"

"बारा. कधी थोडा जास्त."

"मग दुसरं काय होणार? कॅफीन जास्त झालं की हेच होतं. धडधड, थरथर, झोप जाणं."

"डॉक्टर, बारा कप मी तुमच्या नाकावर टिच्चून सहा वर्षं पितोय," कोंडाजी म्हणाले. "तेव्हा का नाही झालं?"

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. ठोके जोरात पडत होते, पण बाकी सगळं ठीक होतं. "धक्का बसलाय तुम्हाला. झोपेची गोळी देतो. आणि चहा कमी करा," ते म्हणाले. कोंडाजींनी गोळी घरी आणली आणि सल्ला दवाखान्यातच ठेवला. गोळीने सकाळी डोकं जड व्हायचं. ते हलकं करायला दोन कप जास्त लागायला लागले.

मग हरसूलहून धाकटी बहीण आली, कुसाबाई. तिने भावाचा थरथरता हात आपल्या हातात धरला आणि डोळ्यांना पदर लावला.

"दादा, वहिनी गेली तवापास्नं तुझं काळीज ठिकाणावर नाय. जोडीचं मानूस गेलं का असंच व्हतं. आपली आई गेली, तं बा तरी कुठं ऱ्हायला? लय जीव व्हता तुझा तिच्यावर."

"आत्या, उगाच काहीतरी बोलू नको," नवनाथ वैतागला.

पण कोंडाजींना ते पटलं. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंसुद्धा. उभ्या जन्मात त्यांनी विमलाबाईंना एक गोड शब्द बोलून दाखवला नव्हता. तशी पद्धतच नव्हती. आता निदान काळीज तरी बोलत होतं. त्या धडधडीची त्यांना भीती वाटेना, उलट सोबत वाटू लागली. विमल बोलावतेय, आपण निघायचं, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी नवनाथला दिलं. तो घेईना, तर त्याच्या खिशात कोंबलं.

आणि मग ते फोटो काढायला गेले. विमलाबाईंच्या फोटोच्या मापाचाच फोटो हवा होता, म्हणजे भिंतीवर दोन्ही शेजारी शेजारी नीट दिसले असते. इस्त्रीचा शर्ट घातला, केस बसवले, निघताना एक कडक चहा घेतला.

"काका, हलू नका," स्टुडिओवाला म्हणाला.

"मी कुठं हलतोय?"

"हलताय. खांदे बघा. मान बघा."

"अरे बाबा, मी स्थिरच आहे. आतलं हलतंय."

स्टुडिओवाल्याने त्यांना बसवून पाहिलं, खुर्चीचे हात घट्ट धरायला लावले, श्वास रोखायला सांगितला. शेवटी बिचाऱ्याने त्यांच्यासाठी चहा मागवला. दुसऱ्या दिवशी फोटो हातात आले, तर प्रत्येक फोटोत कोंडाजींना दोन-दोन नाकं होती.

ते पाकीट घेऊन कोंडाजी घरी आले आणि गॅलरीत बसून राहिले. "मेल्यावर लावायला साधा फोटोसुद्धा निघत नाही माझा," ते पुटपुटले. डोळे भरून आले होते.

तेवढ्यात शेजारच्या पुतळाबाई वाटी घेऊन आल्या. चैताली रोजचा चोथा त्यांना गुलाबाच्या कुंडीसाठी द्यायची.

"चैताली, तुझा चोथा लागू पडला गं! कळ्याच कळ्या धरल्यात," पुतळाबाई खुशीत म्हणाल्या. मग कोंडाजींकडे वळल्या. "नाहीतर भाऊ, विमलवहिनींचा चोथा! राग मानू नका हं. मागायला गेलं की 'अजून दम आहे त्यात'. आणि दिलाच, तर कसा, पांढराफटक. सकाळी एकदा चमचाभर पावडर टाकायच्या आणि रात्रीपर्यंत तीच उकळत बसायच्या. वर आलं आणि गवती चहाची पात. त्या चोथ्यात काय राहणार? मी म्हटलंसुद्धा एकदा, वहिनी, इतका कसला चिकटपणा? तर म्हणाल्या, बारा कप त्यांना हवेत, दोन कप डॉक्टरांना हवेत. मी दोघांचंही ऐकते."

कोंडाजींच्या हातातलं पाकीट खाली पडलं.

सहा वर्षं! सहा वर्षं ज्या बारा कपांच्या जिवावर ते गावभर दंड थोपटत हिंडले, त्यातले दहा नुसतं गवती चहाचं पाणी होतं. पहिल्यांदा त्यांना राग आला. मग लाज वाटली. आणि मग एक विचार आला आणि ते अगदी खचलेच. म्हणजे ही धडधडसुद्धा आपली नव्हे? विमलसाठी काळीज तुटतंय म्हणून जिला उराशी धरलं, ती नुसती पावडर होती?

ते उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. गाळण्यातला सकाळचा चोथा त्यांनी पातेल्यात उलटला.

"बाबा, थांबा, तो पुतळाबाईंना द्यायचाय!" चैताली धावत आली.

"बस तू."

त्यांनी पाणी घातलं, आलं ठेचलं, गॅलरीतल्या कुंडीतली सुकत चाललेली पात आणून टाकली आणि खूप वेळ उकळू दिलं. कप भरला आणि एक घोट घेतला.

मग त्यांनी कप ओट्यावर ठेवला आणि लहान पोरासारखे ते ढसाढसा रडले. महिनाभर आल्यागेल्यासमोर ते नुसते सुस्कारे टाकत होते. रडायला त्यांना आज आलं.

"बाबा, काय झालं?" चैतालीला काही समजेना.

"हीच गं ती चव," कोंडाजी म्हणाले.

त्या दिवसापासून घरात तसाच चहा होऊ लागला आणि आठवड्याभरात धडधड थांबली. हात स्थिर झाले, झोप लागू लागली. कुसाबाईला वाटलं, दादा सावरला. नवनाथला वाटलं, गोळ्यांचा गुण आला. दुःख होतं तिथंच होतं. फक्त आता ते आवाज न करता बसून राहायचं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि चहाचं पातेलं कोंडाजींकडे आलं. एका दुपारी पुतळाबाई वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, बरेच दिवस झाले, चोथा नाही दिला. गुलाब हिरमुसलाय माझा."

कोंडाजींनी पातेल्यात डोकावून पाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"आज नाही मिळायचा, पुतळाबाई," ते म्हणाले. "अजून दम आहे त्यात."