बिनबटणाचा पंखा

"यंदाच्या अखजीले माह्या घरात धूर औषधालेबी सापडनार नाही!"

बागेत केळीचे घड तोडणाऱ्यांपासून फैजपूरच्या बाजारातल्या बिनओळखीच्या माणसांपर्यंत सुपडूनानांनी हे सगळ्यांना सांगून टाकलं होतं. नानांचं गाव फैजपूरच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. आणि नाना एकदा बोलले की बोलले! त्यांच्यापुढे ब्रह्मदेवाचंही काही चालत नसे.

पण या फुशारकीच्या मुळाशी भीती होती, आणि ती नाना कुणाला दाखवत नसत. त्यांच्या बायकोला, इंदिराबाईंना, दमा होता. मागच्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी खापरावर मांडे भाजता भाजता त्यांचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. सावद्याच्या डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा असा धूर छातीत गेला, तर मला बोलवायलाही येऊ नका." आणि मांडे तर करायलाच हवेत! पितरांचा घास घरच्या सुनेच्या हातचाच लागतो.

म्हणून नानांनी जळगावातल्या एका बंद पडलेल्या थेटरातला पंखा आणला. केवढा? पिंपाएवढा! गावच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, डायनामो होता, तिथून तार ओढली. जिनातला फिटर हिलाल सैपाकघराच्या मागच्या भिंतीला भोक पाडून पंखा बसवायला आला.

"नाना, बटन कोठी लावू?"

"बटन लावायचंच नाही!"

"आँ?"

"बटन ठेवलं की बेबाअक्का बंद करीन. तिले आवाज सहन होत नाही. जिनात इंजन चालू झालं की पंखा चालू, इंजन बंद झालं की पंखा बंद. मधात कोनाचा हात नको!"

कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या पेटवून परीक्षा झाली. पंख्याने धूर असा खेचून बाहेर फेकला की नानांची छाती वीतभर फुगली. बेबाअक्का, म्हणजे नानांची विधवा थोरली बहीण, तेवढी तोंड वाकडं करून उभी होती.

"सुपडू, धूर चालला कोठी?"

"बाहेर!"

"बाहेर म्हनजे शेजारी तोतारामच्या अंगनात. अन् अखजीची आगारी?"

नानांचा चेहरा उतरला. अखजीला निखाऱ्यावर तूप-मांड्याचा घास टाकायचा, ही आगारी. तिच्या धुराच्या वासाने पितर घरी येतात आणि जेवतात. हे त्यांच्या ध्यानातूनच गेलं होतं!

"बांधाच्या भांडनापायी आपला बाप मरेपावतर तोतारामशी बोलला नाही," अक्का म्हणाली. "अन् तू त्याले मेल्यावर त्याच्याच दारी जेवाले धाडतो?"

हिलालने पंखा काढला आणि तोंड फिरवून बसवला. आता पंखा बाहेरची हवा आत ओढणार आणि चुलीचा धूर धाब्याच्या छपरातल्या धुराड्यातून सरळ वर जाणार. पितरही खूश आणि इंदिराबाईंची छातीही मोकळी! हा तोडगा आपल्यालाच सुचला, असं नाना संध्याकाळपर्यंत सांगू लागले.

अखजी उजाडली. सणाला जिन बंद, पण नानांच्या शब्दाखातर हिलालने इंजन सुरू केलं, दुपारपर्यंतचं तेल भरलं, दाराला कुलूप घातलं आणि तो सासरवाडीला निघून गेला. पंखा घरघरू लागला. इंदिराबाई खापरापुढे बसल्या.

आणि वारा फिरला.

वैशाखात सातपुड्यावर वणवा पेटतोच. तीन दिवस डोंगर जळत होता आणि कुणी मान वर करून बघत नव्हतं. पण त्या सकाळी धुराचा लोट थेट गावावर उतरला. अशा वेळी काय करायचं ते गावातल्या लेकरालाही ठाऊक. दारं-खिडक्या बंद, फटींना ओल्या चिंध्या. नानांनीही धडाधड दारं लावून घेतली. पंखा मात्र इमानेइतबारे अख्खा सातपुडा सैपाकघरात ओढत होता!

"अरे, बंद कर ना तो!" अक्का किंचाळली.

"कोठून करू?"

नाना जिनाकडे पळाले, कुलूप बघून तसेच माघारी आले. पंख्यात गोधडी कोंबली. पंख्याने ती पिंजून सैपाकघरभर उडवली! इंदिराबाई खापरापुढून हलायला तयार नव्हत्या. "दोनच... मांडे... राह्यले..." ओठ पुन्हा निळे दिसायला लागले होते.

"ऊठ! खड्ड्यात गेले मांडे!" नाना ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला.

तेवढ्यात धाड्कन मागचं दार उघडलं. नानांच्या धुराड्यातून धुराचा खांब निघालेला बघून शेजारच्या तोतारामला वाटलं, घर पेटलं! तो भिंतीवरून उडी टाकूनच आला होता. समोर पितरांची पुजलेली घागर दिसली. तीच उचलून त्याने भस्सकन ओतली. चूल विझली, खापर तडकलं, झालेले मांडे भिजले, पंख्यातून निळी ठिणगी उडाली आणि तो एकदाचा थांबला.

"आग कोठी हाये?" तोतारामने विचारलं. मग त्याने इंदिराबाईंकडे बघितलं. "सुपडू, उचल तिले. माह्या घरी आन. तठी बठ्ठी दारं बंद हायेत."

पंधरा वर्षांत नानांनी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बायकोला उचलून ते पळतच आत शिरले. तोतारामची बायको भिकुबाई हिने इंदिराबाईंना मधल्या खोलीत बसवलं, दार लावलं, कोमट पाणी पाजलं, पाठ चोळली. नाना भिंतीशी उकिडवे बसून बायकोच्या छातीकडे बघत राहिले. जन्मात ते इतके भ्याले नव्हते. बऱ्याच वेळाने तिचा श्वास जरा सुटा झाला.

मग अक्का परातीतली उरलेली कणीक आणि पुरण पदराखाली झाकून आली.

"दुपार टळू राह्यली. पितर उपाशी राह्यतीन. इठीच आगारी टाकू."

"इठी? अन् बाप?"

"बापाले भूक लागली असीन. त्याले आता बांध आठवत नाही. चल, बस खापरापुढे."

"मी?"

"माहे हात थरथरतात. घरचा हात पाहिजे. सून नाही तं लेक!"

मागच्या ओसरीवर भिकुबाईची चूल पेटलेली होती. नाना तिच्यापुढे बसले. पहिला मांडा हातावरच फाटला आणि निखाऱ्यात पडला. भक्कन धूर उठला, डोळ्यांना धारा लागल्या, नाना खोकून खोकून अर्धे झाले. वीस वर्षं आपली बायको अशा धुरात बसत होती! आपल्याला थेटरातला पंखा सुचला, जिनातली तार सुचली, पण तिला उठवून आपण बसावं हे काही सुचलं नाही. नानांना मनापासून लाज वाटली.

बंद दाराआडून इंदिराबाईंचा आवाज आला, "अक्का, त्यायले लई धूर लागत असीन, तं हिलालले सांगून इठीबी एक पंखा बसवून घ्या म्हना!"

भिकुबाई तोंडाला पदर लावून हसली. नाना हसले नाहीत. सकाळपासून इतकं लांब वाक्य ती पहिल्यांदाच एका दमात बोलली होती. त्यांनी मनगटाने डोळे पुसले आणि दुसरा मांडा हातावर घेतला.